साहेबांचा विनोद

कचेरीतील साहेब विनोद करू लागले म्हणजे हाताखालच्या माणसांवर एक चमत्कारिक प्रसंग गुदरतो. विनोद चांगला असो वा वाईट असो, हसणे भाग असते. पण फार मोठ्याने हसावे तर तो लाळघोटेपणा दिसतो. उशिरा हसावे तर विनोद समजला नाही असे ठरते. आणि मुळीच न हसावे तर त्याचा हिशेब पुढे पगारवाढीच्या वेळी चुकवावा लागेल की काय, अशी धास्ती मनाला लागून राहते. गोल्डस्मिथ कवीने १७७० साली प्रसिद्ध केलेल्या 'डेझर्टेड व्हिलेज' या काव्यात एका खेडेगावच्या पंतोजींचे चित्र काढले आहे. पंतोजी मोठे करडे, आणि विनोदाची मात्र त्यांना हौस. त्यांची पोरे त्या विनोदांना हसत, परंतु ते हसू उसने असे. त्या गोष्टीस अडीचशे वर्षांहून अधिक काळ लोटला. छडी गेली आणि तिच्या जागी महिन्याचा पगार आला. हसू मात्र तेच राहिले.

या उसन्या हसण्याचा विचार ब्रिटिश दूरचित्रवाणीवरील एका मालिकेने जितक्या बारकाईने केला आहे तितका क्वचितच कोठे झाला असेल. श्रोतेहो, ही मालिका म्हणजे 'दि ऑफिस'. बीबीसीच्या दुसऱ्या वाहिनीवर तिचा पहिला भाग ९ जुलै २००१ रोजी दाखविण्यात आला. त्या वर्षी सहा भाग, २००२ साली आणखी सहा, आणि २००३ च्या नाताळात समारोपाचे दोन मोठे भाग. एवढाच तिचा विस्तार. रिकी जर्व्हेस व स्टीफन मर्चंट या दोघांनी ती लिहिली, दिग्दर्शनही त्यांनीच केले, आणि साहेबांची भूमिका जर्व्हेस यांनी स्वतः वठविली. जर्व्हेस यांनी त्यापूर्वी लंडन विद्यापीठाच्या विद्यार्थी-संघाच्या कचेरीत काही वर्षे नोकरी केली होती. तेव्हा कचेरीतील हवा त्यांना ऐकून माहीत होती असे नव्हे. मर्चंट हे बीबीसीत शिकाऊ उमेदवार असता त्यांना सरावादाखल एक छोटा चित्रपट करावयाचा होता. त्यासाठी त्यांनी आपल्या या स्नेह्याला साहेबाच्या सोंगात कॅमेऱ्यापुढे बसविले, आणि तेथूनच पुढचे सर्व निघाले. प्रारंभी या मालिकेस प्रेक्षक थोडेच लाभले. पुढे मात्र २००४ साली अमेरिकेतील गोल्डन ग्लोब पारितोषिके तिला दोन मिळाली; एक उत्कृष्ट विनोदी मालिकेचे व एक जर्व्हेस यांच्या अभिनयाचे.

कथेचे स्थळ म्हणजे लंडनच्या पश्चिमेस असलेले स्लाउ हे गाव. हे कारखान्यांचे गाव आहे, आणि इंग्रजी वाङ्मयात त्याची पूर्वीपासूनच थोडी दुष्कीर्ती झालेली आहे. जॉन बेट्जेमन या कवीने १९३७ साली या गावावर एक जळजळीत कविता लिहिली होती. मालिकेतील साहेब ती कविता हाती घेऊन तिच्यातील एकेका ओळीचा मोठ्या गांभीर्याने समाचार घेतात, तो प्रसंग मुळातूनच पाहण्यासारखा आहे. या गावी 'वर्नहॅम हॉग' नावाच्या एका काल्पनिक कागद-विक्रेत्या कंपनीची शाखा आहे. सगळे जग संगणकाच्या पडद्यावर वाचू-लिहू लागले असता ही मंडळी टेबलाशी बसून टेलिफोनवरून कागद विकीत आहेत. करड्या रंगाच्या भिंती, छतावर नळीचे दिवे, छपाईयंत्राची घरघर. अशा या कचेरीचा प्रमुख डेव्हिड ब्रेंट.

मालिकेची बतावणी अशी की, बीबीसीचे कोणी चित्रपथक या कचेरीत नित्याचा कारभार टिपण्यास आले आहे. १९९६-९७ च्या सुमारास ब्रिटनमध्ये खऱ्याखुऱ्या माणसांच्या नोकरीधंद्यावर अशा मालिका निघण्याची लाट आली होती. विमानतळावरचे नोकर, मोटार शिकणाऱ्या बायका, हॉटेलातील व्यवस्थापक हे सर्व कॅमेऱ्यापुढे येऊन एकाएकी प्रसिद्ध झाले होते. 'दि ऑफिस'ने त्या धाटणीचेच सोंग घेतले. त्यामुळे दोन गोष्टी साधल्या. साहेबांना वाटू लागले की आपली गुणवत्ता साऱ्या देशाला दिसण्याची वेळ आली आहे. आणि कारकुनांना साहेबांच्या अपरोक्ष पाहावयास एक डोळा मिळाला. साहेब काही अचाट बोलून गेले की टिम नावाचा विक्रेता तोंडातून अक्षर काढीत नाही. कॅमेऱ्याकडे एक कटाक्ष टाकतो आणि पुन्हा कामाला लागतो. त्या कटाक्षात जेवढे असते तेवढे पानभर संवादातही आले नसते. मार्टिन फ्रीमन या नटाची कीर्ती येथूनच सुरू झाली.

दुसरी एक गोष्ट या मालिकेने केली, आणि तीच अधिक महत्त्वाची. तिने हशा काढून टाकला. ब्रिटनमधील बहुतेक विनोदी मालिका त्यापूर्वी प्रेक्षकांना समोर बसवून चित्रित करीत असत, आणि त्यांचा हशा घरोघर ऐकू येत असे. हा हशा पुष्कळ लोकांना त्रासदायक वाटतो. पण त्याचे एक काम असते. एखाद्याची फजिती पाहून हसण्याचा जो संकोच मनाला होतो, तो त्यामुळे दूर होतो. चारचौघे हसत आहेत, तेव्हा हसण्यास हरकत नाही, असा तो एक परवाना असतो. 'दि ऑफिस'मध्ये हा परवाना कोणी देत नाही. साहेबांचा विनोद होतो आणि त्यानंतर शांतता पसरते. दोन क्षण, तीन क्षण. कोणी तरी घसा खाकरतो. घरी बसलेल्या प्रेक्षकाला उमगेनासे होते की येथे हसावे की मान खाली घालावी. म्हणजे कोचावर आरामात पहुडलेला तो मनुष्य नकळत वर्नहॅम हॉगचा कारकून होऊन बसतो. अशा वेळी अंगावर जी शिरशिरी येते, जीव जो कानकोंडा होतो, त्यातच या विनोदाची सगळी रुची साठलेली आहे.

याआधी ब्रिटिश दूरचित्रवाणीवर साहेबांची फजिती होत नव्हती असे नाही. 'डॅड्स आर्मी' ही मालिका १९६८ ते १९७७ पर्यंत चालली. तिच्यातील मॅन्वरिंग हा एका लहान गावच्या बँकेचा मॅनेजर. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात गावच्या स्वयंसेवक पलटणीचा तो कप्तान होऊन बसतो. त्याच्याच बँकेतील हेडक्लार्क त्याचा सार्जंट होतो. पण हा सार्जंट अधिक खानदानी घराण्यातला, आणि ही गोष्ट कप्तानाच्या मनातून क्षणभर जात नाही. तो कितीही छाती फुगवून उभा राहिला तरी शेजारी उभ्या असलेल्या हेडक्लार्कच्या साध्या, सहज वागणुकीने त्याची हवा निघून जाते.

त्यानंतरचा बेझिल फॉल्टी. 'फॉल्टी टॉवर्स'चे अवघे बारा भाग. सहा १९७५ चे व सहा १९७९ चे. जॉन क्लीज आणि कॉनी बूथ यांनी ते लिहिले. टॉर्की या समुद्रकाठच्या गावी हा गृहस्थ हॉटेल चालवितो आणि येणाऱ्या पाहुण्यांचा मनापासून द्वेष करतो. पहिल्याच भागात एक लॉर्ड उतरावयास येतो. फॉल्टी त्याच्यापुढे इतका वाकतो की इतर पाहुण्यांची त्याला शुद्ध राहत नाही. शेवटी लॉर्डमहाशय ठग निघतात, आणि त्यांनी ठेवावयास दिलेल्या मौल्यवान वस्तूंच्या पेटीत विटा सापडतात. येथे प्रेक्षक पोट धरधरून हसतो. कारण फॉल्टीला कोणाचे प्रेम नको आहे. त्याला मोठेपणा हवा आहे, आणि मोठेपणाच्या मागे लागलेला मनुष्य आपटला तर कोणालाही दुःख होत नाही. ('येस मिनिस्टर' हीदेखील कचेरीचीच कथा, आणि ती भारतात इतकी रुचली की २००१ साली फारूक शेख यांना घेऊन तिचे 'जी मंत्रीजी' असे हिंदी रूपांतर निघाले. पण तेथील सचिव कधी ओशाळत नाहीत. ते फार हुशार आहेत.)

डेव्हिड ब्रेंटची गोष्ट निराळी. त्याला प्रेम हवे आहे. आपण आधी मित्र, नंतर साहेब, आणि बहुधा सर्वांत शेवटी एक कलावंत, अशी त्याची स्वतःविषयीची कल्पना आहे. नोकरांच्या प्रशिक्षणासाठी बाहेरून शिक्षक बोलाविलेला असताना हा मनुष्य घरी जाऊन गिटार घेऊन येतो आणि स्वतः रचलेली गाणी गाऊ लागतो. तो दुष्ट नाही. कामचुकार आहे, फुशारकी मारणारा आहे, तोंडाचा फटकळ आहे. पण मनाने तो बऱ्याच अंशी एखाद्या वर्गातल्या त्या मुलासारखा आहे, जो मधल्या सुटीत सर्वांना खाऊ वाटतो आणि तरीही ज्याला कोणी खेळावयास घेत नाही. फरक इतकाच की या मुलाच्या हाती इतरांच्या भाकरीची दोरी आहे.

येथेच गोष्ट अवघड होते. पहिल्या भागातला एक प्रसंग पाहावा. कचेरीत तात्पुरता म्हणून एक नवा तरुण आला आहे. त्याच्यापुढे आपली विनोदबुद्धी दाखवावी म्हणून ब्रेंट डॉन नावाच्या मुलीला, स्वागतिकेला, खोलीत बोलावतो. चिकटवावयाच्या लहानशा चिठ्ठ्यांची गड्डी चोरल्याचा आरोप तिच्यावर ठेवतो आणि तिला नोकरीवरून काढून टाकल्याचे सांगतो. ती मुलगी रडू लागते. मग ब्रेंट सांगतो की ही सगळी थट्टा होती. तो नवा तरुण खुर्चीत आकसून बसलेला, डॉन डोळे पुसते आहे, आणि साहेब दोघांकडे पाहून हशाची वाट पाहत आहेत. हा प्रसंग पाहताना पुष्कळ लोक उठून पाणी प्यावयास जातात. तसे त्यात पाहू नये असे काही नाही. कोणी कोणाला मारलेले नाही, शिवी दिलेली नाही. पण विनोद करणाऱ्याला ती नोकरी खरोखरच काढून घेण्याचा अधिकार आहे, ही एक गोष्ट त्या खोलीतील सगळ्या हवेत भरून राहिलेली असते. आपला विनोद नि आपला अधिकार या दोन वस्तू वेगळ्या आहेत अशी ब्रेंटची प्रामाणिक समजूत आहे. त्याच्या हाताखालच्या एकाही माणसाची तशी समजूत नाही, आणि ती असणे शक्यही नाही.

मालिकेच्या पाठीमागे पहिल्या भागापासून नोकरकपातीची टांगती तलवार आहे. इंग्लंडात नोकरीतून कमी केलेल्या माणसाला 'रिडंडंट' म्हणतात. त्या शब्दाचा साधा अर्थ जादा, नको असलेला. मुख्य कचेरीचा विचार असा की स्लाउ व स्विंडन या दोन शाखांची एक करावी. ब्रेंट आपल्या माणसांना शब्द देतो की येथे कोणाचीही नोकरी जाणार नाही. असा शब्द देण्याचा अधिकार त्याला कोणी दिलेला नसतो. पण त्या क्षणी सगळ्यांचे डोळे त्याच्याकडे लागलेले असतात, आणि तेवढ्यावरच तो खूष होतो. पुढे त्याला बढती देऊ करण्यात येते. ती घेतली तर स्लाउची शाखा बंद पडावयाची. तो ती घेतो. आणि मग आपल्या माणसांना जमवून सांगतो की एक वाईट बातमी आहे व एक चांगली आहे. वाईट ही की काहींच्या नोकऱ्या जातील, आणि चांगली ही की आपणास बढती मिळाली आहे. लोक आनंदित का होत नाहीत याचे त्याला खरोखरीच नवल वाटते. शेवटी वैद्यकीय तपासणीत त्याचा रक्तदाब वाढलेला आढळतो व बढती हातची जाते. तेव्हा तो सर्वांना सांगतो की तुमच्यासाठी आपण ती नाकारली. ही गोष्ट खोटी आहे हे उघड व्हावयास फार वेळ लागत नाही.

दुसऱ्या मालेत स्विंडनची माणसे येऊन मिळतात, आणि त्यांचा पूर्वीचा प्रमुख नील आता ब्रेंटचा वरिष्ठ झालेला असतो. हा नील देखणा, सभ्य, कामात चोख. आणि लोक त्याच्या विनोदाला खरोखर हसतात. ब्रेंटचे दुःख कोणते म्हणाल तर हे. धर्मादाय निधी जमविण्याच्या एका दिवशी नील सगळ्यांपुढे छानसा नाच करून दाखवितो. ब्रेंटला राहवत नाही. तोही नाचतो. न बोलाविता, संगीतावाचून, हातपाय जमतील तसे फेकीत तो नाचतो आणि भोवतालची माणसे उभी राहून पाहतात. हा नाच ब्रिटनमध्ये फार गाजला, त्याची नक्कल पुष्कळांनी केली. परंतु त्याच भागात पुढे काय होते हे नक्कल करणारे बहुधा विसरतात. त्या दिवसाच्या गमतीसाठी ब्रेंटने शहामृगावर स्वार झालेल्या माणसाचे सोंग घेतलेले असते. त्याच वेषात, कमरेला कापडाचा शहामृग लटकत असता, वरिष्ठ त्याला सांगतात की तुमची या कंपनीला जरूर उरलेली नाही. आणि त्यानंतरच्या भागात हा बडबड्या मनुष्य सगळी ऐट सोडून, आवाज दाटून आलेला असता, मला काढून टाकू नका म्हणून त्यांची विनवणी करतो.

येथवर येईतो प्रेक्षकाची स्थिती पालटलेली असते. इतका वेळ तो टिमच्या डोळ्यांनी पाहत होता. शहाणा, मिस्कील, कचेरीतला दुसरा एकटा समंजस मनुष्य, अशी त्याने आपली जागा ठरवून ठेवलेली असते. या मालिकेचे चाहते कोणीही घ्या, तो स्वतःला टिम समजतो आणि आपल्या साहेबाला ब्रेंट समजतो. साहेबही घरी जाऊन हेच समजत असेल. पण एकदा कधीतरी आपणच केलेला विनोद फसला होता, आपण बोलून गेलो आणि खोलीत तशीच शांतता पसरली होती, ही आठवण कोठून तरी वर येते. मग कान तापतात. अवघडलेल्या विनोदाचे आकर्षण काय, असे पुष्कळ विचारतात. वाघ पिंजऱ्याच्या पलीकडे आहे हे ठाऊक असूनही त्याची डरकाळी ऐकताना मुले जशी एकमेकांना बिलगतात, तसाच काहीसा हा प्रकार दिसतो. ज्या गोष्टीचे भय कबूल करण्याइतके मोठे नाही आणि विसरण्याइतके लहान नाही, ती दुसऱ्यावर गुदरताना पाहावयास मिळते.

टिमचीही गंमत अशी की तो ब्रेंटहून सुटलेला नाही. गॅरेथ नावाच्या शेजाऱ्याला चिडविण्यात त्याचे दिवस जातात. गॅरेथ स्वतःला शाखेचा उपप्रमुख म्हणवितो, आणि टिम दर वेळी त्याला सुधारतो की उपप्रमुख नव्हे, प्रमुखाचा मदतनीस. गॅरेथचे कागद टाचण्याचे यंत्र टिम जेलीत घालून ठेवतो. हे सर्व फार मजेदार आहे. पण तिशीला आलेला हुशार मनुष्य दिवसभर हेच करतो, नोकरी सोडून पुढे शिकावयास जाईन म्हणतो आणि जात नाही. डॉनवर त्याचा जीव आहे, आणि तिचे लग्न दुसऱ्याशी ठरलेले. दुसऱ्या मालेच्या अखेरच्या भागात कॅमेऱ्याशी बोलता बोलता तो एकाएकी उठतो, तिला एका खोलीत नेतो, आणि अंगावरचा ध्वनिक्षेपक काढून टाकतो. काचेतून दोघे दिसतात. ऐकू काही येत नाही. बोलण्याच्या बळावर चाललेल्या मालिकेत इतकी गाढ शांतता दुसरीकडे नाही. तो परत येतो, ध्वनिक्षेपक लावतो, आणि तिने नाही म्हटल्याचे थोडक्यात सांगतो.

या मालिकेची रूपांतरे पुष्कळ देशांत झाली. जर्मनीत २००४ साली तिच्याच वळणाची एक मालिका विमा-कंपनीत बेतलेली निघाली. भारतात २०१९ साली फरिदाबादच्या कचेरीत हा साहेब हिंदीतून बोलला. सर्वांत मोठे यश अमेरिकेतल्या रूपांतराला लाभले. ते २००५ पासून २०१३ पर्यंत, दोनशेएक भाग चालले. तेथील साहेब पहिल्या वर्षानंतर पुष्कळच मऊ झाला. विक्रीच्या कामात तो मोठा तरबेज आहे असे दाखविण्यात आले, आणि त्याची माणसेही हळूहळू त्याच्यावर लोभ करू लागली. दोनशे संध्याकाळी एखाद्या मनुष्यास घरी बोलवावयाचे तर तो थोडा लोभस असावाच लागतो, हे ओघानेच आले. चौदा भागांत मात्र ब्रेंटला ब्रेंटच राहू देणे परवडले.

नाताळच्या भागांत तो नोकरीतून गेलेला आहे. साफसफाईचा माल घेऊन तो गावोगाव फिरतो. चित्रपथकाने काटछाट करून आपल्याला मूर्ख दाखविले अशी त्याची तक्रार आहे. कंपनीकडून मिळालेले पैसे त्याने आपल्याच गाण्याची तबकडी काढण्यात घालविले, आणि ती खपली नाही. जुन्या कचेरीत तो पुनःपुन्हा गप्पा मारावयास येतो. लोक कामात असतात, आणि अखेर नील त्याला येऊ नका म्हणून सांगतो. मेजवानीला मात्र त्याला बोलावणे असते. त्या रात्री एक भली बाई त्याच्याबरोबर आलेली आहे. त्याचा जुना मित्र फिंच, ज्याच्या घाणेरड्या विनोदांना तो वर्षानुवर्षे हसत आला, तिच्यासंबंधी काही वाईटसाईट बोलतो, आणि ब्रेंट त्याला आयुष्यात प्रथमच तेथल्या तेथे फटकारतो. मग जुन्या मंडळींचे छायाचित्र काढावयाचे ठरते. सगळे दाटीवाटीने उभे राहतात; त्यांत आता त्याच्या हाताखालचे कोणी नाही, आणि त्याच्या हातीही कोणाचा पगार नाही. तो काहीतरी गमतीचे करतो, आणि सगळे हसतात.